एज ऑफ एम्पायर्स 2 की सिव्हिलायझेशन 6?

नागपुरात मे महिन्याच्या दुपारी कूलरसमोर खेळायला मी एज ऑफ एम्पायर्स 2 च निवडेन. 1999 चा हा साम्राज्य उभारायचा कॉम्प्युटर गेम श्वास घेऊ देत नाही: गावकरी लाकूड तोडतायत, शेतं लावायची आहेत, तेवढ्यात शत्रूचे घोडेस्वार दारात. एक गावकरी रिकामा बसला तरी पुढे लढाईत ते जाणवतं. 2022 च्या विस्तारात, म्हणजे गेमला जोडलेल्या नव्या भागात, बंगाली, द्रविड आणि गुर्जर या खेळायच्या नव्या संस्कृती आल्या. गुर्जरांच्या बाण चुकवणाऱ्या श्रीवंश स्वारांवर माझा फार जीव.

2016 चा सिव्हिलायझेशन 6 पाळीपाळीने चालतो. नकाशावरच्या षटकोनी घरांवर शहर मांडणं सुंदरच, डोंगराशेजारी विद्येचा विभाग बसवला की विज्ञान वाढतं. पण शेवटचे तास रेंगाळतात. एकट्याने, सावकाश खेळणाऱ्यांनी तो घ्यावा. मित्र जमणार असतील तर एजच.