एसक्यूलाइट की मायएसक्यूएल : साध्या सर्च पेजसाठी काय शिकू?

नाव टाकलं की माहिती दाखवणारं पेज बनवायचंय आणि डेटाबेस पहिल्यांदाच शिकताय, तर आधी सेटअप बघा. एसक्यूलाइटला सर्व्हर (सतत चालू ठेवायचा वेगळा प्रोग्राम) लागतच नाही, अख्खा डेटाबेस एका फाइलमध्ये, पायथन या प्रोग्रामिंग भाषेसोबत ते वापरायचं मॉड्यूलही (तयार कोड) आलेलं असतं, त्यामुळे पहिल्याच बैठकीत सिलेक्ट-व्हेअर (अटीत बसणाऱ्या नोंदी शोधायची आज्ञा) चालवून बघता येतं. मायएसक्यूएलमध्ये सर्व्हर, युजर, पासवर्ड, ३३०६ पोर्ट (सर्व्हरशी जोडायचा क्रमांक) हे सगळं निस्तरल्यावर मग टेबल. फुकट दोन्ही.

एसक्यूलाइट आकड्याच्या कॉलममध्ये अक्षरं टाकली तरी गुपचूप घेतं, नवशिक्यासाठी हे मला घातक वाटतं, म्हणून टेबल बनवताना शेवटी स्ट्रिक्ट (चुकीच्या प्रकारचा डेटा नाकारायला लावणारा शब्द) लिहाच. स्पीडसाठी शोधायच्या कॉलमवर इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी यादी) दोन्हीकडे हवा.

नुसतं शोधून दाखवायचं असेल तर एसक्यूलाइट घ्या. पण त्यात एका वेळी एकालाच लिहिता येतं, तेव्हा बरेच जण सतत डेटा भरणार असतील तर मायएसक्यूएलच शिका.