१४ फुटी कनूवरून (वल्ह्याच्या अरुंद होडीवरून) बास माशांची गळाने मासेमारी: पाच महिन्यांनंतर, मुख्यतः नांगराबद्दल

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात नांगराच्या किटमधला क्लीट, म्हणजे दोर अडकवून धरणारी खाच, दोन्ही स्क्रूंसकट कनूच्या अंगातून उपटून आला. जेमतेम चार महिने टिकला. विक्रेत्याचे उत्तर आले की जोडणी ग्राहकाने केली असल्यामुळे वॉरंटी लागू नाही. जोडणी किटमधल्या कागदाबरहुकूम होती, आणि चूक त्या कागदातच आहे. ४० डॉलर घेऊन चुकीचे स्क्रू देणे मला अजिबात मान्य नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी कनूबद्दल थोडक्यात. तीन थरांचे पॉलिथिलीन, दोन आसने. वापर अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या ४०-५० एकरांच्या तळ्यांवर, मे ते सप्टेंबर, बहुतेक वेळा एकट्याने. गाडीच्या टपावर चढवताना वजन जाणवते, बाकी तक्रार नाही. अॅल्युमिनियमच्या कनूसारखी दणदणत नाही, आणि उथळ पाण्यातल्या बाससाठी हे फार महत्त्वाचे. तळाला बागकामाची फोमची चटई घातली की पक्कड हातातून पडली तरी चालते. एकट्याने जाताना पुढच्या आसनावर उलटे, म्हणजे कनूच्या मध्याकडे तोंड करून बसायचे. मागच्या आसनावर बसलात तर समोरचे टोक हवेत उचलले जाते आणि वारा ते हवे तिकडे फिरवतो. मिनेसोटात १० फुटांहून लांब कनूला वल्ह्याची असली तरी नोंदणी लागते, हा खर्च आधीच धरा.

आता किट. त्यात प्लॅस्टिकचा दातेरी क्लीट, दोन सेल्फ-टॅपिंग (स्वतःच आटे पाडत शिरणारे) स्क्रू, १.४ किलोचा चार पात्यांचा घडीचा नांगर आणि दोर. पॉलिथिलीन मऊ असते, त्यात स्क्रूचे आटे धरत नाहीत. लाट आली की दोर हिसका देतो, भोक हळूहळू मोठे होते आणि एक दिवस सगळे बाहेर येते. सिलिकोन किंवा गोंद लावूनही उपयोग नाही, कारण पॉलिथिलीनला जवळजवळ काहीच चिकटत नाही. हात आत पोचत असेल तिथे आरपार बोल्ट, आतून रुंद वॉशर आणि नायलॉक (आत नायलॉनचे कडे असलेला, सैल न होणारा) नट लावा. हात पोचत नसेल तिथे आत तीन पाकळ्या उघडणारे रिव्हेट वापरा. दुरुस्तीला १५ डॉलरही लागले नाहीत. हेच किटमध्ये आधीपासून का नसावे?

एका क्लीटवर इतके का लिहावे, असे वाटेल. माझ्या मते कनूवरून बास मिळण्या-न मिळण्यात रॉडपेक्षा कनू थांबवण्याचा वाटा मोठा आहे. पाच इंची मऊ प्लॅस्टिकची अळी वजन न लावता मधोमध गळ टोचून टाकली, की ती दोन्ही टोके थरथरवत सावकाश खाली जाते आणि बास तिला बहुधा त्या उतरणीतच घेतो. त्या वेळी तंगूस (गळाची दोरी) किंचित सैल हवी, नजर तिच्यावर हवी. कनू झोकांडली की तंगूस ताणली जाते, अळी वर ओढली जाते, आणि मासा लागल्याचे कळतही नाही.

नांगर कधीही कनूच्या बाजूवरून टाकू नका. वारा कनू आडवी करतो, दोर काठ खाली ओढतो आणि पाणी आत येते. टोकाकडूनच टाका. पण उलटे बसल्यावर जवळचे टोक पाठीमागे असते, आणि मागे वळून वाकणे म्हणजे उलटण्याला आमंत्रण. त्यासाठी ट्रॉली, म्हणजे नांगराचा दोर टोकापर्यंत सरकवणारा फेरा, करा: एक छोटी कप्पी टोकाला, एक आसनाच्या जरा पुढे, दोन्हींमधून पाच मिलिमीटर दोराचा चार मीटरचा फेरा, त्यात स्टीलचे कडे. नांगराचा दोर कड्यातून ओवायचा आणि बसल्या जागी फेरा ओढून कडे टोकापर्यंत न्यायचे. क्लीट हाताशी राहतो. दोराच्या मोकळ्या टोकाला छोटा फ्लोट बांधा, म्हणजे अडचणीत सगळा दोर सोडून देता येतो. दोर सहा मिलिमीटरचा नायलॉन, १५ मीटर, आणि खोलीच्या किमान तिप्पट सोडायचा. पॉलिप्रॉपिलीनचा तरंगतो, त्यात मासा गुंडाळला जातो.

मे महिन्यात या घडीच्या नांगराची मी शिफारस केली असती. ती आता मागे घेतो. जूनअखेर पाणवनस्पती वाढल्या की पाती त्यात गुंततात आणि प्रत्येक वेळी भाराभर गवत वर येते. चिखलाच्या तळाला साडेतीन किलोचा मशरूम (छत्रीच्या आकाराचा, बिनपात्यांचा) नांगर उत्तम, खडकाळ तळावर मात्र तो घसरतो. तिथे घडीचाच ठेवा, पण दोर त्याच्या खालच्या टोकाला बांधा आणि वरच्या कडीला फक्त एका बारीक झिप-टायने (प्लॅस्टिकच्या बंदाने) अडकवा. अडकला तर जोर लावताच टाय तुटतो आणि नांगर उलटा निघतो.

आणखी एक मत बदलले. समोरच्या टोकात वजन म्हणून पाण्याने भरलेला २० लिटरचा कॅन कायम हवा असे वाटत होते. वल्हवताना हवाच. नांगर टाकल्यावर मात्र तो पायाशी ओढून घ्या. समोरचे टोक हलके झाले की वारा ते सरळ पुढे धरतो आणि झोकांड्या बऱ्याच कमी होतात.

पद्धत अशी: कमळाच्या पानांच्या कडेपासून, वारा येतो त्या बाजूला, २० मीटरवर नांगर हाताहाताने, आवाज न करता सोडा, मग दोर सैल करत १२ मीटरवर या. अशाने आमिष वाऱ्याबरोबर जाते. मासा आला की काठाबाहेर डोके काढू नका. त्यालाच जवळ आणून खालचा जबडा अंगठ्याने धरा. गळाच्या टोकाचा उलटा काटा आधीच चेपलेला असावा. लाइफ जॅकेट अंगात हवे, आसनाखाली नव्हे.

निघताना दोराचा प्रत्येक हात तपासा. पाणवनस्पतीचा तुकडा तळ्याबाहेर नेणे मिनेसोटात बेकायदा आहे आणि युरेशियन मिलफॉइल ही बाहेरून आलेली उपद्रवी पाणवनस्पती मुख्यतः तुकड्यांतूनच पसरते. कॅनमधले तळ्याचे पाणीही तिथेच ओता. दुसऱ्या तळ्यावर जायचे असेल तर दोर गुंडाळून न ठेवता पाच दिवस मोकळा वाळवा.