इयन पेस यांच्या हातासाठी घ्यावी अशी ‘मेड इन जपान’

सीताबर्डीवरील एका जुन्या दुकानातून डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडची ही दोन तबकड्यांची ध्वनिमुद्रिका घेतल्यापासून धरमपेठेतील आमच्या घरी दर रविवारी चार-पाच मित्र केवळ ड्रमवादक इयन पेस यांना ऐकण्यासाठी जमतात. ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका व टोकियो येथे झालेल्या मैफलींचे हे ध्वनिमुद्रण आहे. पहिल्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूला ‘द म्यूल’ या गाण्यामध्ये पेस यांचे एकल वादन येते, त्यातील स्नेअर ड्रमवरचा रोल, म्हणजे सलग जलद आघातांची माळ, कितीही द्रुत झाला तरी, तबल्याच्या भाषेत सांगायचे तर, प्रत्येक बोल सुटा आणि दाणेदार राहतो. पेस यांचे वडील पियानोवादक होते व त्यांच्याच, नृत्यासाठी वाजवणाऱ्या वाद्यवृंदात पेस कोवळ्या वयात वाजवू लागले, म्हणूनच रॉकच्या जोरकस ठोक्यांतही स्विंगचा, म्हणजे जॅझमधील झुलत्या लयीचा, डौल जाणवतो, असे मला वाटते. ते डावखुरे आहेत आणि १९६८च्या स्थापनेपासून बँडच्या प्रत्येक संचात राहिलेले एकमेव सदस्य आहेत. आमच्यातील एक तबलावादक मित्र तर तो रोल सुरू होताच बोलणे थांबवून मांडीवर बोटे चालवू लागतो. वेष्टनाचे कोपरे झिजलेले आहेत आणि दुसऱ्या तबकडीवर किंचित खरखर आहे, परंतु दिलेल्या पैशांची मला जराही खंत नाही.