बॅरिटोन म्हणून साधी गिटार गळ्यात मारली, पैसे देण्याआधी बाराव्या फ्रेटपर्यंत मोजा

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, पण मला सेकंडहँड बॅरिटोन (नेहमीपेक्षा खालच्या सुरात लावायची, जास्त लांबीची गिटार) म्हणून साधी गिटार विकताना मापाचा जो फोटो पाठवला होता, तोच परवा परत एका जाहिरातीत दिसला, तीच मोजायची टेप, तोच अँगल, फक्त विकणाऱ्याचं नाव वेगळं. म्हणजे अजून कोणीतरी फसणार. म्हणून लिहितेय, थोडं लांबेल पण वाचा.

मला बॅरिटोन का हवी होती ते आधी सांगते. माझा आवाज खालचा आहे. नॉर्मल गिटारवर ओपन कॉर्ड धरून गायला बसलं की गाणं माझ्यासाठी वरच जातं, घसा ताणून गावं लागतं, आणि कॅपोने (नेकवर लावून सगळ्या तारा दाबणारा चिमटा) फक्त वर जाता येतं, खाली येता येत नाही. बॅरिटोन बहुतेक वेळा बी टू बी लावतात, म्हणजे जाड तारेकडून बी, ई, ए, डी, एफ शार्प, बी. सगळं पाच सेमीटोन खाली (एक सेमीटोन म्हणजे एका फ्रेटचं अंतर, फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या). हाताने जी धरला की वाजतो डी, सी धरला की वाजतो जी, बोटांना नवीन काही शिकावं लागत नाही. काहीजण ए टू ए लावतात, ते सात सेमीटोन खाली. जॅझ गिटारवादक पॅट मेथेनीने लिंडा मॅन्झर यांनी बनवलेली अकूस्टिक बॅरिटोन वाजवलीय, त्यात मधल्या दोन तारा एक सप्तक वर लावलेल्या असतात, ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी बराच वेळ नुसती बसून होते. तेव्हापासून डोक्यात हेच होतं की आपल्या आवाजाला अशी गिटार पाहिजे.

तर सेकंडहँडमध्ये एक इलेक्ट्रिक सापडली. जाहिरातीत लिहिलेलं, बॅरिटोन, २७ इंच स्केल, बी टू बी, कमी वापरलेली. मला एवढं माहीत होतं की नॉर्मल गिटारचं स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, साधारण पावणेपंचवीस ते साडेपंचवीस इंच असतं आणि बॅरिटोनचं २७ ते ३० च्या मध्ये, म्हणून मी मुद्दाम विचारलं, स्केल नक्की २७ आहे ना? तो म्हणाला, थांबा ताई, मोजूनच फोटो पाठवतो. आणि पाठवला. टेप नेकवर ठेवलेली, दुसऱ्या टोकाला तार जिथे संपते तिथे बरोब्बर २७. वर वाजवतानाचा व्हिडिओ, आवाज एकदम भरदार. मी लगेच पैसे पाठवले.

फोटोत काय केलं होतं ते मला खूप नंतर कळलं. त्या गिटारला ब्रिज (तारा खालच्या टोकाला टेकतात तो भाग) वेगळा आणि त्याच्या मागे टेलपीस वेगळा आहे. तार ब्रिजच्या सॅडलवर टेकते आणि पुढे टेलपीसमध्ये अडकते. स्केल म्हणजे नट (खुंट्यांकडची, तारांच्या खाचांची पट्टी) ते सॅडल, वाजणारी लांबी तेवढीच. सॅडलच्या मागचा तुकडा वाजत नाही, तो स्केलमध्ये धरायचा नसतो. याने टेप नेली थेट टेलपीसपर्यंत आणि फोटो असा कापला की ब्रिज कुठे संपतो ते कळूच नये. साडेपंचवीसची गिटार अशी आरामात २७ दाखवते. टेप खरी, आकडा खरा, आणि तरी धडधडीत खोटं.

गिटार आली. लावली बी वर, तर जाड तार नुसती लोंबतेय. जरा जोरात छेडली की सूर आधी वर जातो मग खाली येऊन बसतो, फ्रेटवर खडखड. मला वाटलं तारा जुन्या झाल्यात. हे वाटणं साहजिक होतं, पण इथेच मी घसरले.

तारा लोंबतात का, ते समजून घ्या. नॉर्मल गिटारची जाड ई वाजते ८२.४ हर्ट्झला, बॅरिटोनची बी ६१.७ ला. ताण फ्रिक्वेन्सीच्या वर्गाने बदलतो, त्यामुळे तीच तार त्याच लांबीवर ई वरून बी वर सोडली की ताण ५६ टक्केच उरतो. ४६ची तार (म्हणजे ०.०४६ इंच जाडीची) साडेपंचवीस इंचावर ई ला साधारण ८ किलोने ताणलेली असते, ती बी ला साडेचारवर येते. बॅरिटोन हे दोन्हीकडून भरून काढते, लांबी वाढवून आणि तार जाड करून. साडेपंचवीसवरून २७ वर गेलं की तेवढ्यानेच ताण १२ टक्के वाढतो, आणि वर ६२ची तार लावली की मग ती तार नीट उभी राहते. माझ्या गिटारवर त्याने १२ ते ५४चा सेट चढवलेला, कॅलिपर लावल्यावर कळलं. लांबी नॉर्मल, तार अर्धवट जाड, सूर बॅरिटोनचा.

मी काय केलं, बॅरिटोनचा सेट मागवला. १३, १७, २६, ३६, ४६, ६२. यातली तिसरी तार २६ची असते आणि ती गुंडाळलेली असते, नॉर्मल सेटसारखी साधी नाही, हे बघून घ्या. सहा तारांच्या बासचे सेट पण शेजारीच असतात आणि काही विकणारे त्या गिटारला पण बॅरिटोनच म्हणतात, पण फेंडरची १९६१ची बास सिक्स ३० इंची आहे आणि ती गिटारच्या पूर्ण एक सप्तक खाली लागते, त्या तारा इथे चालणार नाहीत. आणि जाड तार कापायच्या आधी खुंटीच्या पुढे काटकोनात वाकवा, मग कापा, नाहीतर वरचं गुंडाळलेलं सुटतं आणि तार मेल्यासारखी वाजते.

६२ची तार नटच्या खाचेत बसेना. सूर लावताना अडकायची आणि टिक करून एकदम उडी मारायची. मग मी खाच कानसून रुंद करून घेतली. नटची खाच एकदा रुंद केली की परत अरुंद होत नाही, नट बदलावाच लागतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे याच्यावरच सगळं अडलं.

नवीन तारांनी ताण बरा झाला, खडखड गेली, मला वाटलं झालं काम. बाय द वे, कमी किमतीचे क्लिपचे ट्युनर खालची बी नीट पकडत नाहीत, काटा नाचत राहतो, त्यावेळी बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) काढून लावा, लगेच स्थिर होतो. आता तोच हार्मोनिक आणि बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर, दोन्ही सारखे यायला पाहिजेत. माझ्याकडे जाड तारेवर दाबलेला सूर पंचवीस सेंट वर, म्हणजे पाव सेमीटोन. एकटी तार वाजवली तर चालून जातं, पण वरच्या फ्रेटवर कॉर्ड धरली की बेसूर, आणि त्यावर गायला लागलं की मी कुठल्या सुराला धरून गाऊ तेच कळेना. मी आठवडाभर स्वतःच्या गळ्याला दोष देत होते, हे लिहिताना अजून वाईट वाटतं.

सूर वर येत असेल तर सॅडल मागे न्यायचं. न्यायला गेले तर ते आधीच शेवटच्या टोकाला, स्क्रू पुढे फिरेचना. कोणीतरी माझ्या आधी हाच प्रयत्न करून सोडलेला. जाड तार आखूड लांबीवर टाकली की ती जास्त ताठ वागते आणि सॅडल अजून मागे मागते, तेवढी जागा या ब्रिजमध्ये नाही.

मग गिटार दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेली. त्यांनी ट्युनर हातात पण घेतला नाही. स्टीलची पट्टी नटला लावली, बाराव्या फ्रेटवर अंगठा ठेवला आणि मला म्हणाले, वाच. पावणेतेरा इंच. बारावी फ्रेट बरोब्बर मध्यावर असते, दुप्पट केलं की साडेपंचवीस. २७ इंचाची असती तर साडेतेरा यायला हवे होते. मिलीमीटरमध्ये ३२४ आणि ३४३, एकोणीस मिलीमीटरचा फरक, चुकायला जागाच नाही. ब्रिज मागेपुढे करता येतो, टेप कुठेही धरता येते, पण फ्रेट नेकमध्ये ठोकलेल्या असतात, त्या खोटं बोलत नाहीत, असं काका म्हणाले. घरी माझी जुनी गिटार होती. दोन्ही शेजारी आडव्या ठेवल्या असत्या, नटला नट लावून, तरी पहिल्या दिवशीच दिसलं असतं. दोन्हींच्या फ्रेट एका रेषेत येतात. नंतर ठेवून बघितल्या, आल्या.

विकणाऱ्याला पट्टीचा फोटो पाठवला. आधी म्हणाला, अहो ताई बॅरिटोन म्हणजे ट्युनिंग, बी ला लावली की झाली बॅरिटोन. हे अर्धसत्य आहे आणि म्हणूनच चीड आणणारं आहे. साधी गिटार खाली लावून खूप लोक छान वाजवतात, त्यात काही चूक नाही, पण मग तसं सांगून विका ना, २७ इंच कशाला लिहिता? मी ते बोलल्यावर म्हणाला, परत घेतली असती हो पण तुम्ही नट कानसलाय, तारा बदलल्यात, आता ती मी दिलेली गिटार राहिली नाही. आणि ब्लॉक. मी जाहिरातीच्या कंपनीकडे तक्रार केली, तोवर परत करायची मुदत गेलेली, आणि त्यांनीही नटचंच कारण दिलं. तीन आठवडे मी ती गिटार सुधारत बसले आणि त्या प्रत्येक दिवसाने त्याचीच बाजू भक्कम झाली. सेकंडहँड काहीही आलं तर आधी मोजा, फोटो काढा, व्हिडिओ करा, आणि मगच पान्याला हात लावा. आणि मूळ तारा टाकून देऊ नका, मी टाकल्या होत्या.

गिटार अजून माझ्याकडेच आहे. काकांनी नवीन नट बसवून दिला, १२ ते ५४चा नवीन सेट लावून डी टू डी केलीय, दोन सेमीटोन खाली, तिथे साडेपंचवीस इंचाला काही त्रास होत नाही, सॅडल पण मध्ये आलं. गाणं थोडं खाली आलं, मला हवं तेवढं नाही. दुसऱ्या कोणाला ती देईन तर साडेपंचवीस इंच असं लिहूनच देईन.

परवा आणखी एका बॅरिटोनसाठी विचारणा केली. एकच मागितलं, पट्टीचं शून्य नटला लावलेलं आणि बारावी फ्रेट, दोन्ही टोकं एकाच फोटोत. त्या मुलाने दहा मिनिटांत पाठवला, वर विचारलं की सॅडलपर्यंतचा पण पाठवू का. फोटोत ३४३ आहे. रविवारी बघायला जातेय, पट्टी माझी नेणार आहे.