टोकं न कापता सात महिने: सीरम बरं, पंप भंगार

मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी सव्वाआठला केसांना लावायच्या सीरमचा पंप दाबला तर नुसतं फुस्स. बाटली खिडकीशी धरली, तळाशी चांगलं बोटभर सीरम. परत दाबला, फुस्स. तिरकी केली, उलटी करून झटकली, काही नाही. केस ओले, निघायला उशीर, आणि ५४९ रुपयांचा माल डोळ्यांसमोर दिसतोय पण हाताला लागत नाही. हे लिहायला त्या रागातच घेतलंय, तेव्हा पंपाबद्दल जरा जास्त बोललं जाईल, सांभाळून घ्या.

सीरम घेतलं ते कात्रीच्या धास्तीने. गेल्या ऑक्टोबरात पार्लरमध्ये "फक्त अर्धा इंच, टोकं तेवढी" असं चिमटीने दाखवून सांगितलं होतं. मुलगी म्हणाली, "ताई, इथपर्यंत सगळे खराबच आहेत," आणि मी मान वर करेपर्यंत चार इंच फरशीवर. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. म्हणजे माझे दहा महिने तिने झाडून सुपलीत भरले, वर पैसे मीच दिले. त्याच दिवशी ठरवलं, आता वर्षभर कात्री नाही. एवढं होऊनही माझे केस कंबरेच्या चार बोटं वर येतात. या हिशेबाने शेंड्याचा केस पाचेक वर्षांचा झाला. पाच वर्षं ऊन, टँकरचं पाणी आणि पुण्यातल्या वाघोली ते खराडी स्कूटीवरचा वारा खाल्लेला.

पहिले दोन महिने मी या सीरमवर फिदा होते. न्हाल्यावर तीन पंप, बाकीच्या दिवशी सकाळी एक. गुंता फणीतून सरसर निघायचा, कानाखालचे केस चमकायचे. एरवी माझ्या वेणीला "कुंचा" म्हणणाऱ्या सासूबाईंनी विचारलं, "पार्लरला जाऊन आलीस का गं?" तेव्हा लिहायला बसले असते तर डोळे मिटून पाच तारे दिले असते. दोन मैत्रिणींना बळेबळे घ्यायलाही लावलं. त्यातली एक अजून माझ्याशी तुटक बोलते.

जानेवारीत एका रविवारी बाल्कनीत मटार सोलत बसले होते. वेणी पुढे आलेली, ऊन थेट शेंड्यावर. आणि दिसलं. फाटेच फाटे. एका केसाला तर तीन, अगदी त्रिशूळ. दुसऱ्यावर मधेच पांढरा ठिपका, खसखशीच्या दाण्याहूनही बारीक. दोन बोटांत धरून जरा ताणला तर बरोब्बर तिथेच तुटला. दोन महिने सीरम चोपडून ही गत.

मग भिंग घेऊन बाटलीमागची यादी वाचली, जे मी आधी करायला हवं होतं. पहिलं नाव सायक्लोपेंटासिलॉक्सेन, दुसरं डायमेथिकोनॉल. दोन्ही सिलिकॉनच्या घरातली. पहिलं लावल्यावर उडून जातं, दुसरं केसावर पातळ थर धरतं. त्या थरानेच केस सुळसुळीत होतो, चमकतो, आणि फाट्याची दोन तोंडं तात्पुरती चिकटून बसतात. शाम्पू केला की बराचसा थर निघाला, फाटे परत उघडे. पुढच्या बाजूला सोनेरी अक्षरांत 'रिपेअर' लिहिलंय, ते विसरा. केस हा मेलेलाच असतो. तुटलेलं नख जसं सांधत नाही तसा फाटलेला केस सांधत नाही. फाटा राहिला तर वर चढतोही. म्हणून प्रामाणिकपणे सांगते, लांबीला हात लावला नसला तरी असले त्रिशूळ दिसले की नखं कापायच्या छोट्या कात्रीने तेवढा एकेक केस फाट्याच्या जरा वर छाटते. याला कापणं म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी म्हणत नाही.

तर तेव्हा माझं मत होतं, फसवलं, नुसता मेकअप आहे. आता तसं वाटत नाही. केस सुळसुळीत असला की फणी ओढून घ्यावी लागत नाही, एकमेकांवर घासत नाहीत, नवे फाटे कमी फुटतात. झालेलं भरून येत नाही, पुढचं जरा टळतं. एवढंच बाटलीवर लिहिलं असतं तर मी भांडले नसते. पंपासाठी भांडलेच असते.

मधल्या काळात एक शहाणपणा केला तो सांगते. आमच्याकडे टँकरचं पाणी, बादलीला पांढरी कडा, शाम्पूला धड फेस नाही. आरओचं जे पाणी वाया जातं ते मी लादी पुसायला साठवते. म्हटलं, हे फिल्टरमधून आलेलं, त्यानेच केस धुवू. तीन न्हाणी तसं केलं. टोकं इतकी राठ झाली की वेणी घातल्यावर शेपूट उभं राहायचं. मशीन दुरुस्तीला आलेला मुलगा हसायलाच लागला. म्हणाला, "मॅडम, शुद्ध पाणी पिंपात जातं. त्यातले क्षार काढून नळीतून बाहेर पडतं ते हे." म्हणजे टँकरहून जड पाणी मी मुद्दाम साठवून डोक्यावर ओतत होते. आता शेवटचा एक तांब्या पिण्याच्या पाण्याचा, तोही फक्त टोकांवर. जीव थोडा होतो, पण फरक पडतो.

आता पंप. लेकीच्या औषधाच्या सिरिंजने मोजलं: दहा दाबांत २ मिली. मग बाटलीचं झाकण काढून उरलेलं मोजलं: १७ मिली. नळी तळापासून दीड सेंटीमीटर वर संपते, म्हणून शेवटचं सीरम कधी वर येणारच नाही. १०० मिलीचे पैसे घ्यायचे आणि ८३ हातात द्यायचे. १७ मिलीचे होतात ९३ रुपये. ९३ रुपयांत आमच्याकडे दोन दिवसांची भाजी येते.

कंपनीला मेल केला. उत्तर आलं, ऑर्डर नंबर द्या. दिला. पंप चालत नसल्याचा व्हिडिओ पाठवा. एका हाताने फुस्स फुस्स करत दुसऱ्या हाताने काढून पाठवला. मग म्हणे, खोकं उघडतानाचा व्हिडिओ पाठवा. अहो, खोकं नोव्हेंबरात उघडलं, रद्दीत गेलं, त्या रद्दीचे पैसेही आले! फोनवरच्या मुलाने बाटली कोमट पाण्यात ठेवायला सांगितलं. ठेवली. कोमट झालेलं सीरम तळाशीच राहिलं, कारण नळी कोमट पाण्याने लांब होत नाही. त्यानंतर भरपाई म्हणून ९९९ च्या वरच्या खरेदीवर दहा टक्के सवलतीचं कूपन आलं. ९३ रुपयांसाठी मी आणखी हजार घालवायचे! शेवटी "१९१५ वर तक्रार नोंदवते" असं लिहिलं. हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर, घरात सगळ्यांनी पाठ करावा. दुसऱ्या दिवशी 'डियर कस्टमर'ची मी 'रिस्पेक्टेड मॅम' झाले आणि नवा पंप पाठवतो म्हणाले.

तोवर घरचे उपाय. हँडवॉशच्या रिकाम्या बाटलीचा पंप आटे जुळवून घट्ट बसला. खूश होऊन दाबला तर एका दाबात चमचाभर सीरम तळहातावर. परत बाटलीत कसं घालणार, लावलं सगळं. ऑफिसात शेजारची म्हणाली, "आज तेल लावून आलीस? बरंय, उन्हाळा आहे."

मग तीन आठवडे सीरम बंदच ठेवलं, निव्वळ हट्टाने. आणि टोकं बिघडली नाहीत. थोडी भुरभुरायची, पण फणीत तुटके केस वाढले नाहीत. कारण एव्हाना बाकीच्या सवयी बदलल्या होत्या आणि त्याचं श्रेय मी इतके दिवस बाटलीला देत होते. शाम्पू फक्त मुळांना. खाली ओघळणारा फेस टोकांना पुरतो. कंडिशनर कानाखालीच. झिजलेल्या टोकांवर ऋण भार जास्त असतो आणि कंडिशनरमधले घटक धन भाराचे, त्यामुळे ते गरज असते तिथेच जास्त चिकटतं. न्हाण्याआधी तासभर अर्धा चमचा खोबरेल, तेही शेंड्यांनाच. पॅराशूटवाल्या मॅरिकोच्या संशोधकांचा २००३ सालचा एक अभ्यास आहे. त्यात मिनरल आणि सूर्यफूल तेलाच्या तुलनेत खोबरेलानेच केसांतलं प्रथिन जाणं कमी झालं. कंपनी खोबरेल विकणारी, हे धरूनच वाचायचं, पण माझा अनुभव त्याच बाजूचा. रात्रभर थापून उशांचे अभ्रे खराब करायची मात्र गरज नाही.

सगळ्यात जड गेलं ते पंचा सोडणं. आमच्या आईकडे न्हाल्यावर केस पुढे घेऊन, ओणवं होऊन पंच्याने फटाफट झोडपायची पद्धत, अंगणात तुषार उडायचे. मी चाळीस वर्षं तेच केलं. ओला केस कोरड्याहून कमजोर असतो, ताणतो आणि लवकर तुटतो, त्याला आपण झोडपून काढतो. आता जुन्या सुती टी-शर्टमध्ये गुंडाळते आणि दहा मिनिटं गप्प बसते. आणि स्कूटीवर वेणी जॅकेटच्या आत. हे फुकटचं आहे आणि माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला.

तर मग सीरम टाकून द्यायचं? नाही, पैसे दिलेत. उरलेलं सगळं लेकीच्या होमिओपॅथीच्या ड्रॉपरवाल्या रिकाम्या बाटलीत भरलं, आणि इथे गंमत झाली. न्हाल्यावर, ओलसर टोकांवर चार थेंब पुरतात. आधी तीन पंप मारायचे, म्हणजे तिप्पट उधळत होते. रोजचा सकाळचा पंपही लागत नाही. या मापाने उरलेलं दिवाळीपर्यंत सहज जाईल. पंप नुसता आखूड नव्हता, उधळ्याही होता, आणि मोडला नसता तर मला कळलं नसतं.

तारे तीन. सीरमला चार दिले असते, एक पंपाने खाल्ला. परत घ्यायचं झालं तर सेलमध्ये, छोटी बाटली, ड्रॉपरवाली असली तरच.

ता. क. काल नवा पंप आला, बुटाच्या खोक्याएवढ्या खोक्यात. खोकं उघडताना व्हिडिओ काढून ठेवलाय. जुनी आणि नवी नळी शेजारी शेजारी धरून पाहिली, दोन्ही तेवढ्याच आखूड.