इरेनुमॅब: अर्धशिशीवरचं महिन्याचं इंजेक्शन, वर्षभराच्या वापरानंतर

इरेनुमॅब सुरू करून वर्ष उलटून गेलं, म्हणून आता लिहिते. हे औषध महिन्या-दोन महिन्यांत जोखता येत नाही. माझं मत आधीच सांगून टाकते: अर्धशिशीवर आजवर घेतलेल्या सगळ्या औषधांत हे सर्वांत चांगलं आणि खिशाला सर्वांत जड.

मी नाशिकला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. आपल्याकडे अर्धशिशीला आधी पित्तच म्हणतात, आणि माझंही तसंच झालं. उलटी झाली की हलकं वाटतं, त्यामुळे घरातल्या कुणालाच शंका येत नाही. कोकम सरबत, सुंठीचा लेप, डोक्याला घट्ट बांधलेली ओढणी. पुढे न्यूरॉलॉजिस्टकडे गेल्यावर निदान झालं आणि गोळ्या सुरू झाल्या. प्रोप्रॅनोलॉल मुळात रक्तदाब आणि हृदयविकारासाठीचं, अमिट्रिप्टिलिन नैराश्यासाठीचं, टोपिरामेट फिट्ससाठीचं. अर्धशिशीलाही या गोळ्या लागू पडतात, अनेकांना छान पडतात. मला टोपिरामेटने बोटांना मुंग्या यायच्या, ते सोसलं असतं. पण बारावीच्या वर्गात फळ्यावर पेशीची आकृती काढून बाण ओढला आणि ‘तंतुकणिका’ हा शब्दच आठवेना. पुढच्या बाकावरच्या मुलीने हळूच सांगितला. ज्याचं पोट शब्दांवर आहे त्याने काय करायचं?

इरेनुमॅबचं वेगळेपण असं, की अर्धशिशीत नेमकं काय बिघडतं ते शोधून मग ते बनवलेलं आहे. चेहऱ्याची आणि मेंदूच्या आवरणांची संवेदना वाहून नेणाऱ्या ट्रायजेमिनल चेतातंतूंमधून सीजीआरपी नावाचं 37 अमिनो आम्लांचं न्यूरोपेप्टाइड, म्हणजे चेतापेशींचं निरोप पोचवणारं छोटं प्रथिन, सुटतं. ते रक्तवाहिन्या रुंदावतं आणि वेदनेचा मार्ग चेतवून ठेवतं. 1990 साली पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन या संशोधकांनी ऐन अर्धशिशीत रुग्णांच्या मानेतल्या शिरेचं रक्त तपासलं, तर त्यात सीजीआरपी वाढलेलं होतं. सुमाट्रिप्टान या झटका थांबवणाऱ्या औषधाने दुखणं ओसरलं की ते प्रमाणही उतरतं, हे नंतर दिसलं. आणि अर्धशिशी असणाऱ्यांना सीजीआरपी शिरेतून दिलं, तर अनेकांना पुढच्या काही तासांत झटका येतो. मला हा पुरावा सर्वांत पटतो. सीजीआरपीवरच्या कामासाठी गोड्सबी आणि एडविन्सन यांना, मायकेल मॉस्कोविट्झ आणि येस ओलेसन यांच्यासह, मेंदूसंशोधनाचं 2021 चं ब्रेन प्राइज मिळालं.

इरेनुमॅब ही प्रतिपिंड (अँटिबॉडी) सीजीआरपीच्या ग्राहीवर, म्हणजे पेशीवर ते जिथे चिकटतं त्या जागेवर (रिसेप्टर), जाऊन बसते. एसटीत सीटवर रुमाल टाकून जागा धरावी तसं. पेप्टाइड येतं, पण त्याला टेकायला जागा नसते. अमेरिकेत मे 2018 मध्ये याला मान्यता मिळाली.

वापर सोपा आहे. पेन अर्धा तास आधी फ्रिजमधून काढायचं, हलवायचं नाही, गरम पाण्यात धरायचं नाही. मी मांडीवर घेते. पेन काटकोनात टेकवून दाबायचं आणि खिडकी पूर्ण पिवळी होईपर्यंत, साधारण पंधरा सेकंद, उचलायचं नाही. थोडं झोंबतं, दुसऱ्या दिवसापर्यंत लाल गाठ राहते, बस.

खरी काळजी थंडाव्याची. औषध 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं, गोठवून चालत नाही, आणि फ्रिजबाहेर ते थोडेच दिवस टिकतं, तेही 25 अंशांच्या आत. एका दुकानदाराने ऐन एप्रिलात मला ते साध्या कागदी पिशवीत दिलं, काउंटरवर कधीपासून पडलं होतं देव जाणे. मी घेतलं नाही. बर्फाची पाकिटं आणि थर्माकोलचा डबा नसेल तर तुम्हीही घेऊ नका.

गुण किती? मोठ्या चाचणीत महिन्याला सरासरी आठ दिवस अर्धशिशी असलेल्यांना 70 मिलिग्रॅमने सुमारे तीन दिवस कमी झाले, औषध नसलेल्या नुसत्या सुईने जवळपास दोन. ऐकायला फरक लहान वाटतो. पण सरासरीत काहींना काहीच गुण येत नाही आणि काहींचे निम्म्याहून जास्त दिवस सुटतात. मी दुसऱ्या गटात आहे. झटके अजून येतात, विशेषतः पाळीच्या आधी, पण एका गोळीत आवरतात. पेपर तपासणीच्या दिवसांत मी रात्री दिव्याखाली बसू शकते, हे माझ्यासाठी फार मोठं आहे.

त्रास म्हणाल तर बद्धकोष्ठता, आणि ती चांगलीच. सीजीआरपी आतड्यातही काम करतं, त्यामुळे ग्राही अडवली की पोट रुसतं. इसबगोल आणि भरपूर पाणी मी पहिल्या महिन्यापासूनच धरलं असतं तर बरं झालं असतं, असं डॉक्टरही म्हणाले. रक्तदाबही वाढू शकतो, म्हणून दर महिन्याला मोजते. हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेला असेल, दिवस गेले असतील किंवा बाळासाठी प्रयत्न चालू असतील, तर डॉक्टरांशी सविस्तर बोलल्याशिवाय या वाटेला जाऊ नका.

गुणाला पाचपैकी साडेचार, किमतीला एक. इंजेक्शन घरी घ्यायचं, त्यामुळे माझ्या मेडिक्लेममध्ये ते बसत नाही आणि दर महिन्याचा भार पगारावरच पडतो. परवडत असेल तरी सुरुवातीच्या महिनाभर आधीपासून डोकेदुखीची डायरी लिहा आणि तीन महिन्यांनी ती डॉक्टरांपुढे ठेवा. दिवस कमी झाले नसतील, तर ते पैसे दुसऱ्या औषधावर लावलेले बरे.