हिरवी खूण आली, व्हिडिओ गेला: आठ महिन्यांचा अनुभव

मी एका सहकारी बँकेच्या प्रशिक्षण विभागात आहे. केवायसी, सायबर फसवणूक असे धडे पॉवरपॉइंटमध्ये करायचे, त्याला जोडलेल्या ॲड-इनमधून (पूरक साधनातून) स्कॉर्म १.२ या ऑनलाइन धड्यांच्या ठरावीक साच्यातलं पॅकेज काढायचं, म्हणजे पब्लिश करायचं, आणि मूडल या ऑनलाइन शिक्षणाच्या व्यवस्थेवर चढवायचं, हे माझं काम. ॲड-इनचं नाव घेत नाही. यातलं बरंच काही त्या जातीच्या कुठल्याही साधनात घडू शकतं.

आधी चांगलं सांगतो. शिकायला दोन दिवस पुरले, मराठी प्रश्नमंजुषा नीट बनते, मोबाइलवर स्लाइड व्यवस्थित दिसतात.

पहिल्याच महिन्यात मात्र शाखेतून फोन आला, "सर, सातव्या स्लाइडला नुसता चौकोन दिसतोय ओ." ज्या सहकाऱ्याने स्लाइड केल्या त्याच्या मशिनवर व्हिडिओ झकास चालत होता. पब्लिश मी माझ्या मशिनवरून केलं होतं, आणि काम झाल्याची हिरवी खूण बघून निवांत झालो होतो. मग ॲड-इन काढून परत टाकण्यात दोन दिवस घातले. शेवटी पीपीटीएक्स फाइलची प्रत काढली, तिचं एक्स्टेंशन बदलून झिप केलं आणि आतलं मीडिया फोल्डर उघडलं. तिथे व्हिडिओ नव्हताच! सहकाऱ्याने तो एम्बेड न करता, म्हणजे फाइलच्या आत न घालता, नुसता लिंक केलेला, मूळ फाइल त्याच्याच डी ड्राइव्हवर. आता पब्लिश करण्याआधी ही झिपची युक्ती प्रत्येक फाइलला करतो. मिनिटभराचं काम आहे.

दुसऱ्या एका व्हिडिओचा आवाज येत होता, चित्र काळं. फोनवर एच.२६५ या व्हिडिओ साठवण्याच्या पद्धतीत चित्रित केलेला, आणि काही ब्राउझरना तो उलगडत नाही. एच.२६४ मध्ये बदलला, प्रश्न मिटला.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं फॉर्म ६० च्या पीडीएफने. लिंकमध्ये 'एफ' लहान लिपीतला, फाइलच्या नावात मोठा. विंडोजला दोन्ही सारखेच, त्यामुळे माझ्याकडे उघडायची. आमचा सर्व्हर लिनक्सवर. त्याच्या लेखी त्या दोन वेगळ्या फाइली. तेव्हापासून फाइलींची नावं इंग्रजी लहान अक्षरांत, मधे जागा न सोडता.

जुन्या परिपत्रकांतून उचललेला श्रीलिपीतला (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधला) मजकूर हा वेगळाच ताप. फॉन्ट नसलेल्या मशिनवर त्याची अगम्य चिन्हं होतात. युनिकोडमध्ये आणण्याला पर्याय नाही. आणि हो, पब्लिश सी ड्राइव्हवरच्या छोट्या नावाच्या फोल्डरमध्येच करा. आमच्या वर्ष-विभाग-विषय अशा फोल्डरांच्या उतरंडीत पाथ, म्हणजे फाइलचा पूर्ण पत्ता, २६० अक्षरांच्या पुढे गेला आणि काही चित्रं पॅकेजमध्ये आलीच नाहीत.

चुका बऱ्याचशा आमच्याच, मान्य. पण माझी तक्रार वेगळी आहे: साधन बोलत नाही. लपवलेली स्लाइड वगळली, व्हिडिओ सापडला नाही, चित्र लिहिता आलं नाही, काहीही होवो, हिरवी खूण तीच. '३२ पैकी ३१ स्लाइड घेतल्या' एवढं छापायला काय जातं? सहायता कक्षाला हे दोनदा लिहिलं. उत्तर नम्र आलं, बदल आला नाही.

वर्गणी पुढच्या वर्षासाठी भरली आहे. सगळे धडे नव्या साधनात हलवायची ताकद नाही. मॉर्फवाल्या (एका स्लाइडवरचे आकार सरकत पुढच्या स्लाइडवर बदलतात त्या) स्लाइड अजूनही नुसत्या फेड होऊन येतात, म्हणून त्यांचं स्क्रीन रेकॉर्डिंग करून व्हिडिओ घालतो. एम्बेड करून.